गाडी कुणाच्या नावावर?

परवा ऑफिसात डबा खाताना मी सहज बोलून गेले, ‘या रविवारी भिशीला मी नाही हं. डर्ट बाइक शिकायला चाललेय.’

चटणीची डबी पुढं सरकवणाऱ्या मैत्रिणीचा हात तिथंच थांबला. ‘म्हणजे ती टीव्हीवर पोरं धुळीत उड्या मारतात, तसली?’

‘तसलीच. पण उड्या नाही मारायच्या. निदान एवढ्यात तरी नाही!’

‘आणि पैसे किती?’

‘साडेचार हजार. एका दिवसाचे.’

आता सगळ्यांचेच घास थांबले. मग ती म्हणाली, ‘अगं, साडेचार हजार देऊन धुळीत लोळायचं? आमच्या गावाकडं चल की, फुकटात लोळ!’ हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसले. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? ती बोलली त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

मी चव्वेचाळीस वर्षांची. सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर. माहेर साताऱ्याच्या पश्चिमेला, सज्जनगडाच्या पायथ्याच्या बाजूला, उरमोडीच्या खोऱ्यात. आमच्या लहानपणी गावात डांबरी रस्ता होता तो एसटी यायची तेवढाच. बाकी सगळी पाणंद. पावसाळ्यात घोटाभर चिखल, उन्हाळ्यात वीतभर फुफाटा. त्या पाणंदीतून अण्णा रोज पहाटे एम-एटीवर दुधाच्या दोन किटल्या अडकवून डेअरीला जायचे. बजाजची एम-एटी आठवते ना? डाव्या मुठीत गिअर, फट-फट आवाज आणि मागं निळा धूर. मोटरसायकल म्हणायची का स्कूटर, हे कुणालाच धड ठरवता आलं नाही. पण खेडोपाडी दूध, भाजी, खताची पोती आणि अख्खं कुटुंब तिनंच वाहिलं.

आठवीत असताना मी ती चालवायला शिकले. अण्णा मागनं पळत यायचे आणि ओरडायचे, ‘चाकाकडं बघू नगं! लांब बघ, लांब! जिकडं बघशीला तिकडं गाडी जाती.’ दोन वर्षं मी किटल्या पोचवल्या. मग एक दिवस आजी म्हणाली, ‘आता पोरगी मोठी झाली,’ आणि गाडीची किल्ली खुंटीवरून धाकट्या भावाच्या खिशात गेली. भांडण नाही, रडारड नाही. तेव्हा ते असंच असायचं. आज ज्याला ऑफरोड रायडिंग म्हणतात, ते मी दोन वर्षं फुकटात आणि परकर-पोलक्यात केलेलं आहे!

हे सगळं पुन्हा वर यायला कारण झालं आईचं पासबुक. दोन वर्षांपूर्वी आई गेली. पोस्टातल्या तिच्या खात्याला वारस म्हणून तिनं माझं नाव लावलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. दूध, अंडी, परड्यातली भाजी असं विकून साठवलेले एक लाख तीस हजार. भावानंच पासबुक माझ्या हातात दिलं. ‘आक्का, तुझं हाय.’ अण्णा गेले तेव्हा जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली होती. बहुतेक जणींनी केलेली असते, सांगायला नको. तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. पण ते पासबुक हातात आल्यावर मात्र माझे डोळे भरून आले.

पैसे आले की घरात प्रत्येकाला कल्पना सुचतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, ‘मुदत ठेवीत टाक.’ सासूबाईंना वाटलं, लेकीसाठी दोन बांगड्या होतील. आणि मी एकदा जेवताना दबक्या आवाजात ‘मला एखादी मातीत चालणारी मोटरसायकल घ्यावी वाटतेय’ म्हटलं, तर माझा एकोणीस वर्षांचा चिरंजीव ताटावरून उडालाच! ‘आई, एक्सपल्स घेऊ! दोघांत एक!’

‘दोघांत एक’ म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. आमची स्कूटीसुद्धा माझ्यासाठीच घेतली होती. आरसी बुकावर नाव ह्यांचं, पेट्रोल माझं, आणि सकाळी मला हवी असते तेव्हा ती कुणीतरी दूध आणायला नेलेली असते. तेव्हा मनाशी ठरवलं, पैशाला लगेच हात लावायचा नाही. आधी दुसऱ्याच्या गाडीवर, शिकवणाऱ्या माणसाच्या हाताखाली एक दिवस घालवायचा. तीस वर्षांनी आपल्याला हे जमतंय का, आवडतंय का, का नुसतीच अण्णांची आठवण येतेय, ते तरी कळेल.

तो रविवार उजाडला. पहाटे साडेचारला उठून दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवला (हो, तो केल्याशिवाय निघता येत नाही, हसू नका) आणि पेठनाक्यावरून हायवेला लागले. जागा साताऱ्याच्या पूर्वेला एका खासगी माळावर. आम्ही सात जण, त्यात बायका तीन. कऱ्हाडच्या एक दातांच्या डॉक्टर, विट्याची बी.एस्सी.ला असलेली मुलगी आणि मी. शिकवणारे सर अठ्ठावीस वर्षांचे. मला ‘मॅडम’ म्हणत होते, दुपारनंतर ‘काकू’ म्हणायला लागले.

पहिला तासभर गाडी सुरूच केली नाही. आधी चिलखत! हेल्मेट, गॉगल, छातीचं गार्ड, कोपरं, गुडघे, हातमोजे आणि नडगीपर्यंतचे जाड बूट. बूट सगळे पुरुषी मापाचे. माझ्या पायात दोन-दोन मोजे घालून कसेबसे बसवले. मग गाडी आडवी पाडून उचलायला शिकवलं. ही युक्ती प्रत्येकीनं शिकावी अशी आहे. हँडलला धरून ओढत बसलं की कंबर धरते. त्याऐवजी गाडीकडं पाठ करायची, सीटला माकडहाड टेकवायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं मागची दांडी धरायची आणि मांड्यांच्या जोरावर मागं ढकलत उभं राहायचं. गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा, नाहीतर उचलल्या उचलल्या पलीकडं पडते. दीडशे किलोच्या वरची गाडी मी एकटीनं उभी केली. पहिल्या फटक्यात नाही, तिसऱ्या.

मग चालवणं. आपण रस्त्यावर सीटवर बसून चालवतो. इथं फूटपेगवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर. खड्डा आला की गाडी खालच्या खाली हलते, आपण मात्र नाही. क्लचवर दोनच बोटं. उतारावर पहिला गिअर आणि इंजिनाचाच ब्रेक, पुढचा ब्रेक अगदी हलका. सुट्या खडीवर तो दाबला की पुढचं चाक निसटतंच. आणि मग सर लांबून ओरडले, ‘काकू, चाकाकडं बघू नका! लांब बघा! जिकडं बघाल तिकडं गाडी जाईल!’

मला एकदम इतकं भरून आलं की मी चाकाकडंच बघितलं आणि पडले.

चार वेळा पडले त्या दिवशी. अंगठा सुजला, मांडीवर जांभळा डाग आठवडाभर होता. पण चौथ्यांदा पडल्यावर उठले ती न बोलावता, कुणाची मदत न घेता. संध्याकाळी चहा पिताना डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘घरची गाडी असती तर मी पहिल्यांदा पडल्यावरच बंद केलं असतं. खरचटलं की घरी काय सांगायचं याचीच भीती.’ अगदी पटलं. दुसऱ्याच्या गाडीवर शिकण्याचा खरा फायदा हाच, की पडायला मोकळीक असते. फक्त लिव्हर, इंडिकेटर मोडला तर भरपाई कुणी करायची, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी तो खर्च आपल्याच माथी मारतात.

आणखी काही गोष्टी फोनवरच विचाराव्यात, संकोच करू नये. एका शिकवणाऱ्यामागं शिकणारे किती? प्रथमोपचाराचं सामान आहे का, जवळचा दवाखाना कुठं? जागा मालकाच्या परवानगीनं आहे ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? मी विचारलं तेव्हा पलीकडून क्षणभर शांतता. मग ‘मॅडम, करून ठेवतो’. आणि खरंच केलं होतं. आपण विचारलं नाही तर त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता हिशेब. मी कॅशियर आहे, त्याशिवाय चैन पडायचं नाही. वर्षातून चार वेळा असं गेलं तरी अठरा हजार, वर जाण्यायेण्याचं पेट्रोल. त्यात गाडी, चिलखत, जेवण सगळं आलं. स्वतःची घ्यायची तर? हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम लाखाच्या आत-बाहेर होती, म्हणून आपल्यासारख्यांच्या तोंडी तिचं नाव. त्याच घराण्यातली २१० ही २०२५ च्या सुरुवातीला आली ती पावणेदोन लाखांच्या आसपास. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ पासून आहे, पण वजन जवळजवळ दोनशे किलो. पाडली तर उचलणार कोण? कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये आली ती सव्वातीन लाखांच्या पुढे. तिला लांबूनच नमस्कार. आणि शर्यतीतल्या खऱ्याखुऱ्या डर्ट बाइक, म्हणजे केएक्ससारख्या, त्यांना दिवा नाही, नंबरप्लेट नाही, आरटीओत नोंदणी होत नाही. रस्त्यावर आणायच्या नाहीतच, टेम्पोत घालून मैदानावर न्यायच्या.

माझ्या बजेटात बसते ती जुनी, सेकंडहँड. शिवाय आपल्या मापाचे बूट, गार्ड, चांगलं हेल्मेट यांचे वीस-पंचवीस हजार वेगळे. ते वाचवायचे नाहीत. शिकताना क्लच प्लेटा जळतात, चेन-स्प्रॉकेट झिजतं, तेही आलं. म्हणजे नुसत्या पैशात बघितलं तर तीन-चार वर्षं भाड्याच्याच गाडीवर शिकणं स्वस्त. माझ्या उंचीचाही प्रश्न आहे. मी पाच फूट एक इंच. एक्सपल्सची सीट जमिनीपासून सुमारे ८२५ मिलिमीटर. दोन्ही पाय टेकतच नाहीत! सरांनी शिकवलं, सीटवर एका बाजूला सरकायचं आणि एकच पाय पक्का टेकवायचा. जमतं, पण सवय हवी. हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून कळलं नसतं.

शिवाय गाडी घेतली तरी चालवायची कुठं? हा प्रश्न मी माझ्या मुलाला विचारला तर तो म्हणाला, ‘कासला!’ मी म्हटलं, बाळा, जीभ आवर. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो, त्यावर ती फुलं येतात. एक चाक फिरलं की पुढच्या मोसमात तिथं काय उगवणार? कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो सातारा आणि सांगली दोन्हीकडं पसरलाय. तिथं जंगलात गाडी घालणं म्हणजे गुन्हाच. आमच्या सांगलीकडं सागरेश्वरही अभयारण्य. मोकळा दिसतो तो प्रत्येक डोंगर मोकळा नसतो. पैसे देऊन जातो तेव्हा जागेची ही डोकेदुखी त्यांची असते.

आणि एकटीनं तर जाऊच नये. खोऱ्यात उतरलं की मोबाइलला रेंज नाही. गटात गेलं की शेवटी एक जण सगळ्यांच्या मागं असतो, कुणी मागं राहिलं तर तो थांबतो. घरच्या गाडीला असा मागचा माणूस नसतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग ठरलं की! भाड्याचीच बरी! मलाही तसंच वाटलं. दोनदा आणखी जाऊन आले. पण तिसऱ्या वेळी एक गोष्ट बोचायला लागली. दर वेळी घरात विचारायचं. दर वेळी ‘परत?’ ऐकायचं. पाहुणे आले, रद्द. सासूबाईंची तब्येत बिघडली, रद्द. दोन महिने जायला मिळालं नाही की हातातलं आलेलं परत निघून जायचं, पुन्हा पहिल्यापासून पडायचं. पोहणं शिकायला दोन महिन्यांतून एकदा विहिरीवर गेल्यासारखं. शिकवणारा माणूस कसं चालवायचं ते सांगतो. पण हात बसतो तो रोजच्या अर्ध्या तासानं, आणि त्या अर्ध्या तासासाठी गाडी आपली लागते.

ऐश्वर्या पिस्सेचं उदाहरण मला या बाबतीत आठवतं. बंगळुरूची मुलगी. २०१८ मध्ये स्पेनमधल्या बाहा शर्यतीत, म्हणजे ओसाड माळरानातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, पडून तिच्या स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तिनं बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं. मोटरस्पोर्टमध्ये असं जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. आणि आपल्याकडच्या रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये चक्क नऊवारी नेसून मोटरसायकलवर जग फिरायला निघाल्या. मी काही त्यांच्या पंगतीला बसत नाही. पण दोघींचंही काम ‘घरात कुणाला गाडी नको असेल तेव्हा’ मिळणाऱ्या गाडीवर झालं नसतं, एवढं नक्की.

मग मी काय केलं? आधी लायसन्स काढून बघितलं. त्यावर ‘विदाउट गिअर’! मैत्रिणींनो, तुमचंही काढून बघा. स्कूटीवर मिळालेल्या लायसन्सवर गिअरची मोटरसायकल रस्त्यावर चालवता येत नाही. पुन्हा लर्निंग, मग महिन्यानं चाचणी. चाचणीच्या रांगेत अठरा-वीस वर्षांची सगळी पोरं आणि मी. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, ‘मुलाला सोडायला आलात?’ आठचा आकडा काढून दाखवला, मग त्यांनी सही केली.

त्यानंतर चिलखत घेतलं, माझ्या मापाचं. बूट शोधायला सहा दुकानं पालथी घातली. आणि गेल्या महिन्यात एक जुनी एक्सपल्स ठरवली. फॉर्म २९ आणि ३० वर माझी सही. ‘गाडी कुणाच्या नावावर?’ एजंटनं विचारलं आणि सवयीनं ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, ‘माझ्याकडं काय बघता? त्यांची आहे.’ एवढं एक वाक्य ऐकायला बावीस वर्षं लागली, असो.

विम्याचे कागद मात्र नीट वाचा. शर्यतीत भाग घेताना काही झालं तर साधी पॉलिसी पैसे देत नाही. आणि रविवारचे धडे मी बंद केलेले नाहीत. वर्षातून दोनदा जाणारच. चुकीच्या सवयी आपल्या आपल्याला दिसत नाहीत.

गाडी सांगलीत ठेवली तर आठ दिवसांत कुणाची होईल ते मला माहीत होतं. आणि आमच्याकडची काळी माती! पावसात चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की चाक फिरत नाही. मातीतल्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चोचीसारखं उंच का असतं, ते तिथं कळतं. म्हणून भावाला फोन केला. मनात धाकधूक. ज्या जमिनीवरचा हक्क सोडला, तिथं जागा मागायची कशी? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आक्का, गोठ्यातला एम-एटीचा कोपरा रिकामाच हाय. पाणंद तर काय कुणाच्या बाची न्हाय.’

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आम्हाला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं माहेरी जाते. गोठ्यातून गाडी बाहेर काढायची, पाणंदीतून ओढ्यापर्यंत आणि परत. अर्धा तास, कधी पाऊण. वाटेत म्हशी आल्या की थांबायचं. गावातली म्हातारी माणसं बांधावर उभी राहून बघतात. एकानं विचारलं, ‘अण्णाची थोरली न्हवं का? डेअरीला निघालीस का काय?’

मागच्या खेपेला गाडी आत लावत होते, तर भावजय शेणाची पाटी घेऊन दाराशी उभी. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, ‘आक्का, मला शिकवशीला का? पर ह्यांना सांगू नगा एवढ्यात.’

मी तिच्या पायांकडं बघितलं. म्हटलं, ‘आधी बूट घालून बघ. बसतात का?’

बसले. एकाच मोज्यावर.